बिटाची कोशिंबीर

महेंद्रदादा,

बाबांच्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा फोनवर तू विचारलंस, "रक्त कधीपासून जातंय?" मी पंधरा दिवस म्हणाले. खोटं बोलले रे.

रंगीत भाज्यांनी आतड्याचा कॅन्सर टळतो असं वाचून मी त्यांना रोज बिटाची कोशिंबीर द्यायचे. सहा महिन्यांपूर्वी, एप्रिलमधल्या जयंतीच्या दिवशी बाबा म्हणाले, "संडासला लाल होतंय गं." मी हसले, "बीट आहे ते!"

आज नौपाड्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "सहा महिने गप्प का बसलात?"

बाबा म्हणाले, "आठ दिवस कोशिंबीर गुपचूप फेकून बघितली. तरी लालच. पण पोरगी एवढ्या मायेने बीट किसते, तिला कसं सांगू?"

आता त्यांचा हॉस्पिटलचा डबा भरतेय. कोशिंबीर मागितलीय त्यांनी.

हे पत्र पाठवायची हिंमत नसलेली,
स्वप्ना