गाडी तुझ्या गल्लीत येणार नाही

१४ मार्च, मंगळवार दुपार

चि. टिटवीस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. तू बरी असशील, जावईबापू बरे असतील आणि छोटीने घर डोक्यावर घेतलं असेल. तिला वरचे दात आलेत आणि 'नको' एवढा एकच शब्द ती स्पष्ट बोलते, हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. तो शब्द तिने कुणाकडून उचललाय, हे मात्र मी पैजेवर सांगेन.

मी बरी आहे. अक्षराचे कोंबडीचे पाय झालेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. हात जरा सुजलाय.

इकडची खबरबात म्हणजे प्रयोगशाळेचा वरचा मजला एकदाचा पुरा झाला. कंत्राटदाराने अगदी रडवलं. खिडक्यांच्या कड्या त्याने बाहेरच्या बाजूला बसवल्या होत्या. मी म्हटलं, "इतक्या उंचावर बाहेरून कोण उघडणार, कावळे?" पेशीवाले डॉक्टर, ते दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारे, अजूनही जेवायचं विसरतात. तपासणीच्या गाडीचा ड्रायव्हर, आपला मेजर, आजोबा झाला.

मंडळींनी माझा सत्कार ठरवला होता. कारखान्यातला वाटा विकून प्रयोगशाळा काढली, लग्नकार्य न करता जन्म कर्करोगाच्या संशोधनाला वाहिला, वस्त्या-वस्त्यांत गाडी फिरवली, असं बरंच काही लिहून आणलं होतं. वाचताना ती बाई कुणी दुसरीच वाटली. मी येणार नाही म्हणून कळवलं. फोटोसाठी ते सन्मानचिन्ह उचलून उभं राहावं लागतं, आणि ते म्हणे चांगलंच जड आहे.

तुझा अबोला मला समजतो. तुझ्या लग्नात हॉलच्या फाटकाशी मी तपासणीची गाडी उभी केली. इतक्या बायका आयत्या जमलेल्या बघून मला राहवलं नाही. तुझ्या सासूबाईंना तर मी हाताला धरून आत नेलं. "आत्या, हे माझं लग्न आहे, तुझं शिबिर नाही," तू म्हणालीस. मग छोटी झाली, आणि मी पाळण्याशी उभी राहून पुन्हा तेच तपासणीचं सुरू केलं. त्यावर तू जे बोललीस ते मला पाठ आहे. "आजीला कॅन्सर झाला तो तुमच्या घरातल्या बायकांचा. मला बाबाकडून कसं येईल? पुन्हा हा विषय काढलास तर इथे येऊ नकोस. आणि ती गाडी या गल्लीत दिसता कामा नये."

गाडी त्यानंतर आली नाही. मेजर पुलाकडून वळसा घालून जातो आणि डिझेलच्या नावाने बोटं मोडतो.

आता एक वेगळीच गोष्ट सांगते. आमच्याकडे एक नियम आहे, माझाच. एखाद्या बाईच्या रक्तात कर्करोगाचा पिढीजात दोष सापडला, तर तिच्या नातेवाइकांना संस्था कळवत नाही. तिने स्वतः सांगायचं. असली बातमी छापील कागदाने देऊ नये, आपल्या माणसाने द्यावी, असं मला वाटायचं. बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन गप्प बसायच्या. शिवणकाम करणारी एक होती, सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हती. मी तिला फैलावर घेतलं, "भांडण मोठं की बहीण?" ती म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातंय, बाई." मला तिचा भयंकर राग आला होता.

टिटवे, एव्हाना तुला कळलं असेल. इतकी भोळी तू कधीच नव्हतीस.

गाठ माझी मलाच लागली, अंघोळ करताना. इतक्या बायकांना मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, की लपवू नका, आणि माझी मी वरचा मजला पुरा होईपर्यंत लपवली. मग शस्त्रक्रिया झाली. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या, म्हणून हा हात. आता औषधं चालू आहेत, केस गेले. मेजर म्हणतो, "आता आपण दोघं भाऊ-बहीण दिसतो." मी हसते. पण मला भीती वाटते गं. दुसऱ्यांच्या भीतीला मी किती भराभर उत्तरं द्यायचे.

डॉक्टर वर्षानुवर्षं माझं रक्त मागत होते आणि मी 'आधी लोकांचं' म्हणून टाळत होते. आता त्यांनी तपासलं. दोष आहे. तो मला आईकडून आला, म्हणजे दादालाही आलेला असू शकतो. तुझा बाबा अपघातात गेला, त्यामुळे त्याच्या रक्तात काय होतं ते कुणी पाहिलंच नाही. पण मुलीला हा दोष बापाकडूनही येतो. तू म्हणालीस ते चूक होतं, आणि हे एवढंच शांतपणे सांगायचं सोडून मी त्या दिवशी भाषण ठोकलं. तुझ्यात तो असेल किंवा नसेलही. असला तरी लवकर कळलं तर खूप काही करता येतं.

रक्त तपासून घे. माझ्याकडे येऊ नकोस, दुसऱ्या कुठल्याही चांगल्या दवाखान्यात जा. तिथे माझं नावही काढू नकोस. जन्मभर मी लोकांचे निकाल मागत फिरले, तुझा मागणार नाही. मला बघायला यायचीही सक्ती नाही. तुझी फार आठवण येते, रोज येते, पण हे पत्र त्यासाठी नाही.

तू फक्त जा. आणि जाऊन आलीस की सासूबाईंना तेवढंच सांग. माझ्या आजाराचं त्यांनाही ठाऊक नाही, आधी तुला सांगायचं होतं. तपासणीच्या गाडीत त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, उलट त्या दिवसापासून मला फोन करतात. छोटीच्या दातांची बातमी ज्यांच्या पोटात राहिली नाही, त्यांच्या पोटात हीही राहणार नाही.

गाडी तुझ्या गल्लीत येणार नाही. फोन मात्र मी उशाशी ठेवलाय.

तुझी,
नियमाप्रमाणे स्वतः कळवणारी
आत्या