आठ तारखेचं पान

प्रिय युनहान,

तू फोनवर ‘आजोबा लग्नाला नाही म्हणाले’ एवढं सांगून रडलीस आणि मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखं होतं. ते फोनवर जमत नाही, म्हणून लिहितो. वेइलिनलाही वाचून दाखव. जावई समुद्रापलीकडच्या, तेव्हाच्या शत्रूच्या किनाऱ्यावरचा, त्याला आपल्या किनमेन बेटाची हकीकत नेमकी कळायला हवी.

तर नेमकं सांगतो. पलीकडच्या तोफा आमच्यावर चालायच्या त्या फक्त विषम तारखांना. सम तारखांना सुट्टी. वीस वर्षं हा नेम. लग्नं, छपराची डागडुजी, डुकरांचा बाजार, सगळं सम तारखेला. एकतीस आणि लगेच एक असं आलं की सलग दोन संध्याकाळी भुयारात. असं वर्षात सात वेळा व्हायचं, लीप वर्षी आठ. लोक एकोणतीस फेब्रुवारी विसरतात.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं पान फाडायचं काम माझं. सात वर्षांचा होतो. तुझे आजोबा बापाच्या तोऱ्यात गावभर सांगायचे, ‘आमच्या पोराच्या हातून तारीख चुकायची नाही.’ एप्रिल १९७७. संध्याकाळी शेजारचा त्साय भुयाराकडे निघाला, तर आजोबा अंगणातून ओरडले, ‘काय रे, सम तारखेलाही लपतोस? बायको मारते का?’ त्साय म्हणाला, ‘अरे गाढवा, आज सात आहे!’ आजोबा म्हणाले, ‘तुझ्या घरी असेल. माझ्या घरी आठ आहे!’

आम्ही पुढच्या खोलीत रताळ्याची पेज खात होतो. गोळा वर आकाशात फुटला, त्यातली प्रचाराची पत्रकं उधळली आणि रिकामा पोलादी नळा स्वयंपाकघराचं छप्पर फोडून डुकरांच्या खाण्याच्या कढईत बसला. भिंत कोसळली. आम्ही पाचच्या पाच वाचलो. आजीचा डावा कान मात्र त्या आवाजानं कायमचा गेला. तिचं पहिलं वाक्य, ‘मेल्यांनो, कढई नवी होती रे!’

ढिगाऱ्यातून आजोबांनी कॅलेंडरचं वरचं पान तेवढं शोधून काढलं. आठ! ‘सम तारखेला मारलं! शब्द मोडला!’ दिवाणखान्यातल्या तसबिरीत आहे ते हेच पान. त्सायनं पुन्हा ‘सात’ म्हटलं, तर अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. आता तुलाही तेच ऐकवताहेत, ‘जी माणसं तारीख पाळत नाहीत, ती बायको काय सांभाळणार?’

त्या नळ्यापासूनच मी पुढे माझी पहिली सुरी घडवली. कुणी शिकवलं नाही. एका नळ्याच्या साठ सुऱ्या निघतात. बाजारात चाळीस सांगतात, ते पोलाद वाया घालवणारे. तुझं कॉलेज याच पोलादातून झालं. म्हणजे ज्यांनी डागलं, त्यांचेही आपल्यावर थोडे उपकारच.

आता मुख्य गोष्ट. त्या आठवड्यात दाट धुकं होतं, कागद दमट झाले होते. सहाचं पान फाडताना सातचंही चिकटून आलं. मला ते त्याच क्षणी कळलं. पण आजोबांची शाबासकी जाईल म्हणून दोन्ही पानं खिशात घातली आणि गप्प बसलो. पलीकडच्यांनी शब्द मोडला नव्हता, पोरी. तारीख मी चुकवली होती. ती पानं अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहेत, तशीच चिकटलेली. आजही जेवताना मी आजीच्या डाव्या बाजूला बसत नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

तेव्हा आठ तारखेला सकाळच्या बोटीनं वेइलिनला घेऊन ये. आजोबा चहाला बसले की तुम्हा दोघांसमोर मी ती पानं त्यांच्यापुढे ठेवणार आहे. कप फेकले तर वेइलिनला म्हणावं, खाली वाक, आम्हाला सवय आहे. तारीख मुद्दाम सम निवडली आहे. आपल्या घरावर सम तारखेला पडलेला तो पहिलाच गोळा असेल.

तारीख दोनदा तपासून,
तुझाच बाबा