दोन्ही पाय एका फळीवर

दय महिना, १८ तारीख, बुधवार

घेतला! स्नोबोर्ड घेतला, बूट घेतले, पट्टे बसवून घरीसुद्धा आणला. दुकानातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात कडक.

दुकानवाली शूका खानम दुकानभर माझ्या मागे मागे. "महलकाजान, हनुवटीपर्यंत आला की पुरे ग. हा तर तुझ्या डोक्याच्या वर जातोय. आणि बूट मऊ घे. नवशिक्याला मऊच बरे." नवशिकी! मी! तीन वर्षांची असल्यापासून बर्फावर आहे. उस्ताद सैफोल्लांची मुलगी आहे. आमच्या घरात स्की निवडायचा एकच नियम — जितकी लांब, जितकी कडक, तितका माणूस खरा. "मऊ बूट तेहरानच्या पाहुण्यांना दे," म्हटलं.  मग रीतीप्रमाणे ती तीनदा म्हणाली, "पैसे असू दे, तुझंच दुकान आहे," मी तीनदा म्हटलं, "छे छे, असं कसं," आणि व्यवहार झाला.

एकोणचाळिसाव्या वर्षी हे कशाला? इथे लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगावं लागणार नाही. स्कीवर वळण घेताना दर वेळी कानात बाबांचा, आगाजूनचा, आवाज येतो — "गुडघा! गुडघा वाकव!" छत्तीस वर्षं झाली. आमच्या शेमशक गावात जो तो म्हणतो, पोरगी अगदी बापासारखी उतरते. मला एक तरी गोष्ट कुणासारखीही करायची नाही.

दय १९

बोर्ड कोठीत पिठाच्या पोत्यांमागे ठेवला होता. आगाजूनना एका दिवसात सापडला. चहा पिता पिता, गालात साखरेचा खडा धरून म्हणाले, "दोन्ही पाय एका फळीला बांधलेले. हा माणूस झाला की मेज?"

आमची आई, मामान, हसली. मी हसले नाही. (हसू आलं होतं.)

दय २०, शुक्रवार

आज पैज लागली. मीच लावली!

जेवायला आंबट झिरिश्क-फळांचा भात आणि कोंबडी होती. आगाजूनचं सुरूच — मेज कुठे आहे, मेज उतारावरून कधी घसरणार. मी ताटातलं छातीचं दुपायी हाड उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. "जनाग मोडता का?"

ते थांबले. आमच्या घरात जनाग म्हणजे चेष्टा नाही. वीस वर्षांपूर्वी मामानशी हरले, त्या दिवसापासून सिगारेटला हात लावलेला नाही. दोघांनी एकेक टोक धरून हाड मोडलं की खेळ सुरू. त्यानंतर समोरच्याच्या हातून काहीही घेताना "याद आहे" म्हणायचं. न म्हणता घेतलं, की देणारा ओरडणार — "मला याद, तुला विसर!" — आणि घेणारा हरला. दिवस लागोत, महिने लागोत.

अटी मामानसमोर ठरल्या. मी हरले तर बोर्ड शूकाला परत, पुन्हा नाव काढायचं नाही, आणि येत्या हंगामापासून आगाजूनच्या शाळेत बायकांचा स्कीचा वर्ग मी घ्यायचा. त्यांच्या पद्धतीने. ते हरले तर एकही टोमणा नाही, आणि बोर्ड शाळेच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा.

"पोरी, विचार कर," ते म्हणाले. "मी काही विसरत नाही."

"मीही तुमचीच मुलगी आहे," म्हटलं. हाड कट्कन मोडलं.

दय २१

पडले. मग पडले. मग उठता उठता पडले.

शरीर ऐकतच नाही! उतार दिसला की पाय आपोआप वेगळे व्हायला बघतात, छाती पुढे वळते, हात काठ्या शोधतात. आणि बोर्ड म्हणजे दरवाजाची फळी. वाकत नाही, वळत नाही, नुसता पळतो. शूका खालून ओरडत होती, "आडवी उभी राहा! टाचेवर! खुर्चीत बसल्यासारखी!" मी बसले. खुर्ची नव्हती.

दय २२

बसता येत नाही. उभ्याने लिहिते आहे.

दय २३

सकाळी आगाजून स्वतः मलमाची डबी घेऊन आले. चेहरा इतका मायाळू, की माझा हात निम्म्यात गेलासुद्धा. "याद आहे!" ओरडले मी. मिशीत हसले आणि गेले. लबाड म्हातारा! मलम मात्र चांगलं होतं.

दुपारी मी सूड घेतला. लिफ्टखाली त्यांच्या हातात गरम डाळीचा वाडगा ठेवला — थंडीत भूक लागलेला माणूस काय लक्षात ठेवतो? "याद आहे," वाडग्यात बघतच म्हणाले.

आता घरात मीठसुद्धा कुणी हातात देत नाही, जेवणाच्या सतरंजीवर ठेवतो. मामान म्हणते, घरात दोन पोलीस पाळल्यासारखं वाटतंय.

दय २७, शुक्रवार

गर्दीचा दिवस. लिफ्टवरून उतरताना बरोबर आगाजूनच्या वर्गासमोर आडवी झाले. उजवं मनगट सुजून लिंबाएवढं. आगाजून वर्गाला म्हणाले, "बघा, मेज आलं. आता चहा मांडा." सगळे हसले. मी उठले, हसणाऱ्या एकेकाचं तोंड बघून घेतलं, आणि खाली चालत आले. पडले तरी नाक वर!

थेट शूकाकडे. तिने मनगटाला बर्फ बांधला आणि एवढंच विचारलं, "आता ऐकशील?"

ऐकलं. लिहायला जड जातंय, पण चूक माझीच होती. स्कीवाल्याचा अहंकार बोर्डवर घेऊन गेले होते. नवा बोर्ड हनुवटीएवढा, हाताने वाकवला की वाकतो. शूका म्हणाली, उंचीपेक्षा वजन बघायचं असतं. मी वजन खरं सांगितलं, तिने भुवई उडवली, मी एक किलो वाढवून पुन्हा सांगितलं. बूट मऊ. ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की टाच वर येता कामा नये — हे बघायला तिने मला दुकानात अर्धा तास बूट घालून चालवलं. मोजे एकच जोडी. मी दोन घालत होते, म्हणून पाय आत फिरत होता! शिवाय मनगटाला पट्टे आणि आतून घालायची गादीची चड्डी. चड्डी बघून मी नाही म्हणणार होते. मग बसून बघितलं.

शेवटी, मी बेसावध असताना तिने मागून धक्का दिला. सावरायला उजवा पाय पुढे पडला. "बघ, तुझा उजवा पुढे. आम्ही डावा बांधला होता." म्हणजे इतके दिवस मी उलटीच उभी होते!

बहमन महिना, ४ तारीख, शुक्रवार

उभी राहिले! टाचेच्या कडेवर सबंध उतार आडवी, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, झाडावरून पान खाली येतं तशी. हळू. फार हळू. एक चार वर्षांची मुलगी मला ओलांडून गेली. जाऊ दे तिला.

कानात कुणाचाही आवाज नव्हता.

बहमन ९

चवड्याच्या कडेवर वळता यायला लागलं. उताराकडे पाठ करायची म्हणजे छातीत धस्स होतं, पण होतंय. घरी आले तर आगाजून बोर्डच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मला वाटलं आता धारेबद्दल काही बोलणार. ते म्हणाले, "मी शिकवलेलं इतकं वाईट होतं का ग?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "वाईट नव्हतं, आगाजून. इतकं चांगलं होतं की त्यात मला जागाच उरली नाही."

ते उठले आणि अंगणात गेले. बराच वेळ बर्फ ओढत होते. अंगणात बर्फ नव्हता एवढा. मला रडू आलं. पण शब्द परत घेणार नाही. खरा होता.

बहमन १२

तीन दिवस अबोला. मीठ मामानमार्फत.

बहमन १४

मामान म्हणाली, "खाण तशी माती. दोघांपैकी एकानं तरी मान खाली घाला." मी म्हटलं, तू त्यांना सांगितलंस का? म्हणाली, "आधी त्यांनाच सांगितलं. ते म्हणाले, तिला सांग."

ठरवलं. शुक्रवारी वरून उतरणार. अगदी वरच्या टोकावरून, सगळ्या गावासमोर. पडले तर पडले.

बहमन १८, शुक्रवार

उतरले! उतरले! उतरले!

थांब, नीट लिहिते.

वर वारा होता, उन्हाने बर्फ चमकत होता. खाली अर्धं शेमशक, अर्धं तेहरान. मी बर्फात बसून पट्टे आवळत होते.  बूट फळीला धरून ठेवणारं पुढच्या पायाचं बाइंडिंग हलत होतं. स्क्रू सैल झाला असणार, आणि शूका तर पायथ्याशी. परत लिफ्टने खाली जायचं? सगळ्यांसमोर? नाही! तसंच उतरणार होते मी. हलणाऱ्या बाइंडिंगवर!

तेवढ्यात स्कीचा आवाज आला. आगाजून. वर्ग उतारावर मध्येच सोडून लिफ्टने वर आले होते. माझ्या पायाकडे बघितलं, बाइंडिंग धरून हलवलं. छातीच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला — तो त्यांच्या खिशात कायमच असतो — आणि पुढे केला. "चारही घट्ट कर. एकच केलास तर पुन्हा हलेल." नऊ दिवसांनी बोललेलं पहिलं वाक्य! मी झटकन घेतला, चारही आवळले, परत दिला. "याद आहे," म्हणाले आणि खिशात ठेवला. अशा वेळीसुद्धा सावध! मला चीडच आली. त्या चिडीतच उभी राहिले आणि सुटले.

पहिलं वळण टाचेवर. दुसरं चवड्यावर, उताराकडे पाठ. तिसऱ्या वळणानंतर मोजायचं विसरले. मध्ये एकदा हात टेकला, पण पडले नाही. आगाजूनच्या वर्गासमोरून गेले. या वेळी कुणी हसलं नाही. खाली शूकाने मला मिठी मारली, आणि तेव्हा मात्र आम्ही दोघी पडलो.

वर बघितलं. आगाजून टोकावर तसेच उभे होते. लहान दिसत होते.

बहमन १९

न्याहारीला मामान म्हणाली, "जिंकलीस म्हणे! काल तुझ्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि म्हणायचं विसरले. स्वतःच सांगितलं मला. बोर्डसाठी खोलीत खिळा ठोकायला गेलेत."

पण ते म्हणाले होते. मी ऐकलं होतं, स्वच्छ ऐकलं होतं. न म्हणता घेतला होता तो मी.