दोन घरांची विहीर

४ फेब्रुवारी

लोकेंद्र सुट्टीवर आला आणि जेवताना पुन्हा तेच — बेट! धाकटा दीर माझा, समुद्रातल्या चिमुकल्या बेटांवर भूजल अधिकारी. "भाभी, तिथं गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगते. जोरात उपसलं का खालचं खारं वर येते. आम्ही मोटरीच जप्त करतो!" समजावण्यासाठी वरणाची वाटी समुद्र झाली, वरचं तूप गोडं पाणी. मग सगळं तूप स्वतःच भुरकलं.

६ फेब्रुवारी

हाच माणूस आज तळहातावर नारळ आडवा ठेवून मागच्या बांधीत, आमच्या धानाच्या शेतात, फिरत होता. नारळ उभा राहील तिथे बोअर मारणार — उन्हाळी धानासाठी! शिकलेला म्हणे! आणि नारळ उभा कुठे राहिला? विहिरीला खेटून.

विहीर आमची एकट्यांची नाही. आमच्या आणि तुलसाकाकींच्या अंगणांच्या मधोमध आहे, दोन्हीकडून रहाट. काकी चुलत सासू, एकट्या राहतात. पाण्याला दुसरी सोय नाही.

"तुमच्या बेटावर चाललं असतं का हे?" मी विचारलं.

"भाभी, तिथं समुद्र हाये ना! इथं कुठं खारट होऊन राहिलं?"

धनलाल हसले. भावाच्या कुठल्याही विनोदावर माझा नवरा हसतो.

७ फेब्रुवारी

बोअरची गाडी दिवसभर घुरघुरली. तुळशीवर खडकाचा पांढरा भुगा. पाणी लागलं. पेढे वाटले! मी खाल्ला नाही.

२ मार्च

साहेब गेले, बेटं वाचवायला.

इथे विहिरीत घागर तळाला आपटते, येतो तो गाळ. आमच्या बोअरच्या नळाचं पाणी मीच काकींना नेऊन देते. त्या घागर घेऊन आत वळतात. तेच जिव्हारी लागतं. नवी नवरी होते तेव्हा पलीकडच्या रहाटावरून त्यांनीच शिकवलं होतं — "झटका नोको देऊ व, पोरी. अर्धं सांडते."

१९ मार्च

मोटर थांबवा म्हटलं. धनलाल म्हणाले, "धान गाभ्यात हाये, लोंब निघाचा हाये. आता पाणी तोडू? तू लिहीत राय ना आपली."

लिहीत राय! दोघे भाऊ एका मापाचे. एक बेटावर शहाणा, दुसरा कुठेच नाही.

उद्या हे लग्नाला केशोरीला जाणार, दोन-तीन दिवस. मोटरचा खटका ओसरीवरच आहे.

२० मार्च

बंद केला!

२२ मार्च

विहिरीत झरा वाजतोय. काठावर बसून ऐकत राहिले. डोळे भरून आले, उगाच. काकींना अजून सांगितलं नाही. स्वतःच बघतील.

२३ मार्च

काकी आल्या — तणतणत. "मोटर काऊन बंद केली व, सूनबाई? माह्या बांधीत भेगा पडून राहिल्या!"

जाताना लोकेंद्र त्यांच्या बांधीलाही पाईप जोडून गेला होता. मला पत्ताच नाही.

"आणि विहीर, काकी? पाणी वर आलंय."

"हिरीत आता कोन वाकते, माय?"

मी मोटरचा खटका पुन्हा चालू केला. त्यांच्या रहाटावर दोर नव्हता. त्या दोराने वासरू बांधलं होतं.