मोजणीची दोरी माझ्या हातात होती

मंगळवार, बीड

संध्याकाळी अभ्यासिकेबाहेर चहा पिताना वैशाली तिच्या परीक्षेच्या अभ्यासातलं बोलिव्हिया-पॅराग्वेच्या सीमेचं जुनं भांडण सांगत होती. "समेट घडवायला अर्जेंटिना पुढं. आणि ज्या रानावरून भांडण, त्यातच अर्जेंटिनाच्या व्यापाऱ्यांच्या जमिनी!"

मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, तरी तावातावानं बोललो, "असल्या मध्यस्थाला चपलेनं हाणलं पाहिजे."

ती हसली. "तुझं डोकं लई तापतं."

तिला काय माहीत! परवा गावाकडं, तलवाड्यात, तिच्या वडलांचा आणि माझ्या दोस्ताचा, बाळूचा, बांधाचा वाद मीच मिटवला. मोजणीची दोरी माझ्याकडं. तिचे वडील म्हणाले, "तुमी घरचेच." तेवढ्यानं मी विरघळलो. उद्या पोरगी मागायची तर हा माणूस खूश पाहिजे. दोरी चार हात बाळूच्या रानात सरकली. मीच सरकवली. बाळू लांब उभा होता. म्हणाला, "तू हायस ना, मग मी कशापायी बघू?"

वैशालीसाठी सरकवलेली ती दोरी. याला प्रेम म्हणायचं का?

आत्ता सगळं सांगायला बाळूला फोन लावला.

"बोल बे, जेवलास का?"

"जेवलो," म्हणालो आणि फोन ठेवला. जेवलोही नव्हतो.