देवघरातली मुरानोची काच

७ जाने.
गोदामाच्या शेठने वैशूला, माझ्या धाकट्या जावेला, काचेची वाटी दिली. मुरानोची! इटलीतल्या बेटावर भट्टीत केलेली, साठेक वर्षांपूर्वीची. निळ्याच्या पोटात हिरवा रंग. टवका उडालाय, खपणार नाही, म्हणे. राहनाळच्या गोदामात वैशूला कामाला चिकटवलं कोणी? मी. एवढी वर्षं ही काच खोक्यांतून काढतेय, पुसतेय मी. बाईसाहेब दिवाळीनंतर आल्या नि...
जळले. हो, जळले. इथे तरी खरं लिहू दे.

८ जाने.
सासूबाईंनी वाटी देवघरात ठेवली. काठाला खाचा आहेत, त्यांत उदबत्त्या टेकवल्या. "राख बी आतच पडते बघ. देवासाठीच केलीय जशी. वैशूचा पायगुण हाय."
नि माझा? भाकऱ्या जाड झाल्या. सासरे ओट्यावर, बिडीची राख करवंटीत झाडत, "थोरलीचं ध्यान कुठंय?"

११ जाने.
नवा माल उघडला. तसलीच वाटी, लाल, मोठी. शेठला विचारलं, या खाचा कशाला? हसला. "भाभी, ॲशट्रे है! सिगरेट टिकाने के लिए."
अगंबाई! देवघरात ॲशट्रे!!
मानकोलीपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते. आत्ता नाही सांगणार. १६ ला हळदीकुंकू. सगळ्या बायका जमल्या की सहज बोलून जायचं. वैशूचं तोंड बघायचंय मला.

१५ जाने.
लाल वाटीच्या बुडाला चीर निघाली. शेठ म्हणाला, "ये आप रखो." मला! नको कसं म्हणणार?
सा.बाई खूश. "थोरलीची मोठी हाय!" थेट देवघरात, निळीच्या शेजारी. वैशूचा चेहरा पडला. काय गार वाटलं म्हणून सांगू!
मग डोक्यात उजेड पडला. आता उद्या कुठल्या तोंडाने...

१६ जाने.
हळदीकुंकू झालं. बायकांनी दोन्ही वाट्यांचं केवढं कौतुक केलं. मीही मान डोलावली.
तिळगूळ देताना वैशू कानाशी, "ताई, शेठ तुम्हाला काही बोलला का, हे काय असतं ते?"
"नाही गं. का?"
"असंच."
मेली! हिला पहिल्यापासून माहीत.
बायका गेल्या. सासरे देवघरापुढे उभे राहिले. लाल वाटीच्या खाचेवरून बोट फिरवलं. कानावरची बिडी काढली, खाचेत ठेवली. बरोब्बर बसली. माझ्याकडे बघितलं, मग वैशूकडे. सा.बाई आतून निरांजन घेऊन येत होत्या. बिडी परत कानावर गेली.