नमराच्या दादीचा फोटो आणि माझं कुलूप

५ फेब्रुवारी
मंगरूळपीरमध्ये फोटोंना एन्क्रिप्शनचं कुलूप लावणारा स्टुडिओ एकच, माझा. काउंटरवर पाटीच आहे: 'इथले फोटो बाहेर जात नाहीत.' आज ते फारच खरं ठरलं. लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला आणि कीरिंग करप्ट. कीरिंग म्हणजे सगळ्या फोटोंच्या चाव्या असलेली फाइल. घाबरायचं काम नाही. पासवर्ड पाठ आहे.

संध्याकाळी
पासवर्ड त्या फाइलीचा होता. फाइलच फुटली तर तो सांगायचा कोणाला? किरकोळ मुद्दा. उद्या.

६ फेब्रुवारी
चुडीवाले सैफुद्दीनभाई आले. सोबत मुलगी नमरा, मालेगावहून माहेरी आलेली. डिसेंबरात तिचं लग्न मीच शूट केलं. अल्बमची घाई नाही म्हणाली. पण दादी, रहमतबी, मागच्या महिन्यात वारली. बिदाईच्या वेळी दादीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं, तेवढा एक फोटो पाहिजे. मी म्हणालो, इतका सुरक्षित आहे की कोणाच्या हाती लागणार नाही. सैफुद्दीनभाई म्हणाले, लय चांगलं केलं, पण आमच्या हाती तं लागू द्या. सोमवारचा शब्द दिला.

७ फेब्रुवारी
फाइलीचं नाव बदललं. उघडली नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली. तिथंही नाही. म्हणजे माझा कॉम्प्युटर निर्दोष. नवी चावी बनवली, एकदम झकास चालते. जुन्या फोटोंना मात्र लागत नाही.
बायको हेमला म्हणे मेमरी कार्डात पाहा. कार्ड मीच पुसलं, सुरक्षेसाठी! हेमलाला यातलं काय कळतं? चोराले नाही सापडत ते ठीक हाये, मालकाले काहून नाही सापडून राह्यले, असं विचारून भाकरी टाकायला गेली.

८ फेब्रुवारी
कीरिंगचा बॅकअप आहे! मी काही बेसावध माणूस नाही. हेमलाला मुद्दाम दोनदा ऐकवलं.

जरा वेळानं
बॅकअप सापडला. चोराला मिळू नये म्हणून त्याच कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवलाय.

९ फेब्रुवारी
नागपूरच्या एका जाणकाराला फोन केला. म्हणाला, चावी गेली की सगळं गेलं, एन्क्रिप्शन असतंच त्यासाठी. म्हणजे माझं काम चोख होतं. मी तेच म्हणत होतो.
जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
सैफुद्दीनभाईंच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो, मान ताठ ठेवायची, माफी मागायची नाही. तंत्रज्ञान समजावून सांगितलं. मग नमरानं मोबाइल पुढं केला. तिच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, काढलेला बिदाईचा एक फोटो सापडला म्हणे. नमराचं रडवेलं तोंड दिसतं. त्याच्यावर दादीचे दोन्ही हात दिसतात. दादीच्या चेहऱ्यासमोर एक पाठ आहे. चौकड्याचा शर्ट, खांद्यावर कॅमेऱ्याचा पट्टा.
नमरानं विचारलं, भाऊ, तुमाले इथून हटवता येते का?
हटवता येतं, म्हणालो. पण मागचा चेहरा नाही येत.
त्यांनी चहा दिला. प्यायलो.